समुद्र प्रदूषणाचे आंतरराष्ट्रीय करार आणि पर्यावरण संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे करार म्हणजे नेमके कोणते? एकच आहे का?

एक नाही, बरेच आहेत, आणि प्रत्येकाचा विषय वेगळा. जहाजांमधून तेल, केमिकल, सांडपाणी, कचरा आणि धूर बाहेर पडतो त्यासाठी मार्पोल, १९७३ चा आणि १९७८ मध्ये सुधारलेला. कचरा मुद्दाम जहाजात भरून समुद्रात नेऊन टाकणं, त्यासाठी १९७२ चा लंडन करार आणि नंतर १९९६ चा त्याचा जास्त कडक प्रोटोकॉल. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचा त्यासाठी १९८९ चा बासेल करार. जुनी जहाजं तोडण्यासाठी २००९ चा हाँगकाँग करार, जो प्रत्यक्षात लागू व्हायला २६ जून २०२५ उजाडला. आणि या सगळ्यांच्या वर छत्रीसारखा संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा करार, ज्यावर भारताने १९९५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. शिवाय बाल्टिक, भूमध्य, ईशान्य अटलांटिक अशा एकेका समुद्राचे आपापले करार आहेतच.

सही केली म्हणजे देशाला पाळावंच लागतं ना?

कागदावर हो. पण या करारांना स्वतःचा पोलीस नाही. मार्पोलमध्ये जहाजावर लक्ष ठेवायची पहिली जबाबदारी त्या जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाची, आणि जगातली कितीतरी जहाजं पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं यांच्या झेंड्याखाली फिरतात, मालक कुठला, खलाशी कुठले, माल कुठला आणि झेंडा कुठला, त्यामुळे अरबी समुद्रात रात्री दोन वाजता कोणी टाकीतलं तेलकट पाणी सोडून दिलं तर ते पनामाला कळणार कसं? बंदरात आल्यावर तपासणी होते, ती चांगली सोय आहे, पण तोपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. आणि देश आपलं आपणच रिपोर्ट लिहून पाठवतात, काही तर तेही पाठवत नाहीत.

मग त्यात संघटनांनी काय करायचं? त्यांना कुठे अधिकार आहेत?

अधिकार नाहीत, खरंय. त्यांचं काम साक्षीदाराचं आहे. कोणी बघितलं, कुठे बघितलं, किती होतं, पुरावा काय, हे सरकारसमोर आणि लोकांसमोर ठेवायचं, आणि सरकार हलेपर्यंत तिथून हलायचं नाही. मोर्चे आणि बॅनर आपल्याला टीव्हीवर दिसतात म्हणून आपल्याला तेच काम वाटतं, पण मला विचाराल तर खरं काम मोजणं, नमुने घेणं, नकाशे बनवणं, कोर्टात कागद लावणं आणि कंटाळवाण्या मीटिंगांना वर्षानुवर्षं हजर राहणं हे आहे.

त्या मीटिंगांना संघटनांना बसू देतात?

देतात. जहाजांचे नियम लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत ठरतात, तिचे १७६ सदस्य देश आहेत आणि ८० हून जास्त बिगरसरकारी संस्थांना तिथे सल्लागाराचा दर्जा आहे. त्यात जहाज कंपन्यांच्याही संस्था आल्या आणि फ्रेंड्स ऑफ द अर्थ, डब्ल्यूडब्ल्यूएफ, ग्रीनपीस अशाही. त्या पेपर देऊ शकतात, बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. छोट्या देशांकडे एकच अधिकारी असतो, त्याच्या टेबलावर शेकडो पानं येऊन पडतात, तेव्हा कोणत्या पानात पळवाट आहे हे त्याला सांगणारं कोणीतरी लागतं, आणि तिथे या संस्था खूप कामाला येतात. आर्क्टिकमध्ये जहाजांनी जड इंधन तेल वापरू नये हा नियम असाच रेटून रेटून आला. तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, पण काही जहाजांना २०२९ पर्यंत सवलत आहे, आणि ती सवलत बंद करा म्हणून क्लीन आर्क्टिक अलायन्सची मंडळी अजून मागे लागलेली आहेत.

एखादं असं उदाहरण सांगा ना जिथे संघटनेमुळेच गोष्ट बदलली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९९३ चं. ऑक्टोबर महिना, जपानचा समुद्र. रशियन नौदलाचं टीएनटी-२७ नावाचं जहाज किरणोत्सर्गी द्रव कचरा घेऊन निघालं, आणि ग्रीनपीसचं जहाज त्याच्या मागे मागे. रशियन खलाशी कचरा समुद्रात सोडतायत हे यांनी कॅमेऱ्यात पकडलं, जवळ जाऊन रेडिएशन मोजलं, आणि ती दृश्यं जपानच्या टीव्हीवर घराघरांत गेली. आता यातली खरी गंमत बघा. असा कमी तीव्रतेचा कचरा टाकायला कायमची बंदी नको, असं तोपर्यंत म्हणणाऱ्या देशांत खुद्द जपान होता! १९८३ पासून स्थगिती होती पण ती ऐच्छिक. लोक इतके भडकले की जपानने बाजू बदलली, आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, लंडन कराराच्या देशांनी समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्यावर संपूर्ण बंदी घातली, ती फेब्रुवारी १९९४ पासून लागू झाली.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग कोणी सांगत नाही. रशियाने लगेच बंदी मान्य केली नाही. का, तर त्यांच्याकडे तो कचरा साफ करायची सोयच पुरेशी नव्हती, जुन्या अणुपाणबुड्या धक्क्याला लागून होत्या आणि टाक्या भरलेल्या. मग जपानने पैसे देऊन तिकडे द्रव कचरा शुद्ध करणारा तरंगता प्लांट उभा करून दिला, तो २००१ मध्ये सुरू झाला, आणि २००५ मध्ये रशियाने बंदी औपचारिकपणे स्वीकारली. म्हणजे व्हिडिओने दार उघडलं, पण आत जायला बारा वर्षं लागली. नुसतं ओरडून देश करार पाळत नाही, त्याला पाळता येईल अशी व्यवस्थाही लागते.

किनाऱ्यावरचा कचरा गोळा करून कराराला काय मदत होणार?

नुसता गोळा करून फार नाही. मोजून मात्र खूप. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर एका संस्थेने, जी आज ओशन कॉन्झर्व्हन्सी म्हणून ओळखली जाते, लोकांना बोलावलं. २,८०० लोक आले, दोन तासांत १२४ टन कचरा निघाला. पण त्यांनी हुशारी ही केली की प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं आणि काय सापडलं ते लिहायला लावलं. त्या नोंदींवरून सहलीला आलेल्यांचा कचरा कोणता आणि जहाजांवरून, तेलाच्या रिगवरून फेकलेला कोणता हे दिसायला लागलं. त्या वेळी मार्पोलचा कचऱ्यावरचा भाग, पाचवं परिशिष्ट म्हणतात त्याला, पुरेशा देशांची मान्यता नाही म्हणून लटकलेला होता. अमेरिकेने १९८७ च्या शेवटी मान्यता दिली, लागणारा आकडा ओलांडला गेला आणि ३१ डिसेंबर १९८८ पासून समुद्रात प्लॅस्टिक फेकणं जगभर बेकायदा झालं. त्या मान्यतेमागे असल्या कार्डांचा मोठा हात होता.

आम्ही आमच्या पुळणीवर महिन्यातून एकदा दोन तास हेच करतो, सहा-सात जण असतो फार तर. पहिल्या वर्षी आम्ही नुसत्या गोण्या भरायचो आणि फोटो काढायचो. मग एका मैत्रिणीने वही आणली. आता लिहितो: दोरीचे तुकडे इतके, थर्माकोल इतका, परदेशी लिपी छापलेल्या बाटल्या इतक्या, गुटख्याच्या पुड्या इतक्या. वही हातात आल्यापासून ग्रामपंचायतीतलं बोलणंच बदललं, कारण आधी "खूप कचरा आहे" म्हणायचो, आता ओहोळाच्या तोंडाशी किती आणि मधल्या वाळूत किती हे सांगता येतं.

रात्रीच्या अंधारात भर समुद्रात जहाजाने तेल सोडलं तर कळणार कसं?

सॅटेलाइटने. समुद्रावर वाऱ्याने बारीक लहरी असतात, त्या रडारचा सिग्नल परत पाठवतात म्हणून फोटोत पाणी करडं दिसतं. तेल पसरलं की लहरी दबतात आणि तिथे काळा पट्टा उमटतो, रात्र असो, ढग असोत, फरक पडत नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ सॅटेलाइटचे असे फोटो फुकट मिळतात. स्कायट्रुथ नावाची अमेरिकेतली छोटी संस्था आहे, ती कॉम्प्युटरकडून हे पट्टे शोधून घेते आणि त्या वेळी तिथून कोणतं जहाज गेलं हे जहाजांच्या एआयएस सिग्नलशी (जहाज कुठे आहे ते सांगत राहणारा सिग्नल) ताडून बघते. जहाज चालत चालत सोडतं म्हणून तो पट्टा लांबलचक, सरळ, शेपटीसारखा असतो. अर्थात एवढ्यावर कोणाला दंड होत नाही, वारा कमी असला तरी पाणी काळं दिसतं, काही ठिकाणी समुद्राच्या तळातून नैसर्गिक तेलही झिरपतं. पण बंदरातल्या इन्स्पेक्टरला "या जहाजाची इंजिन रूम नीट बघा" एवढं सांगता आलं तरी मोठं काम होतं.

इंजिन रूममध्ये असं बघण्यासारखं काय असतं?

इंजिनखाली तेलकट पाणी साठत राहतं, बिल्ज वॉटर. ते सेपरेटरमधून गाळून दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा कमी तेल राहिलं तरच समुद्रात सोडता येतं, असा मार्पोलचा नियम. मशीन चालवायला वेळ आणि पैसा जातो, म्हणून काही जण एक साधा पाइप जोडून पाणी परस्पर बाहेर काढतात, खलाशी लोक त्याला मॅजिक पाइप म्हणतात, आणि रजिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित लिहून ठेवतात. २०१३ मध्ये एका क्रूझ जहाजावरच्या नव्याने आलेल्या इंजिनिअरने असा पाइप बघितला आणि इंग्लंडच्या बंदरात अधिकाऱ्यांना कळवलं. शेवटी २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझ कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं, त्यातला १ कोटी पर्यावरणाच्या कामांसाठी बाजूला काढला गेला. तिथल्या कायद्यात खबर देणाऱ्याला दंडातला निम्म्यापर्यंत वाटा मिळू शकतो, आणि अशा खलाशांना वकील मिळवून देणाऱ्या संस्थाही आहेत. आपल्या कोकणातली किती पोरं मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांनी तरी हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

यात भारताचा काही संबंध येतो का?

चांगलाच. ३१ डिसेंबर २००५ ला फ्रान्सचं क्लेमान्सो नावाचं विमानवाहू जहाज तुलाँ बंदरातून तोडायला म्हणून गुजरातच्या अलंगकडे निघालं. जहाजात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे तंतू. किती, यावरच वाद, सरकार सांगत होतं ४५ टन आणि विरोधक म्हणत होते त्याच्या कितीतरी पट. असा घातक माल भरलेलं जहाज गरीब मजुरांच्या अंगावर ढकलणं म्हणजे बासेल कराराचा भंग, असं म्हणत ग्रीनपीस आणि फ्रान्समधल्या ॲस्बेस्टॉसविरोधी संघटना त्यांच्याच सर्वोच्च प्रशासकीय कोर्टात गेल्या, इकडे भारतात सुप्रीम कोर्टाने जहाज आपल्या हद्दीत येऊ नये म्हणून सांगितलं, भूमध्य समुद्रात कार्यकर्ते त्या जहाजावर चढले. १५ फेब्रुवारी २००६ ला फ्रेंच कोर्टाने निर्यात थांबवली आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज परत बोलावलं. ते शेवटी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तोडलं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दबाव दोन्ही टोकांनी होता, पाठवणाऱ्या देशातही आणि घेणाऱ्या देशातही. एकाच बाजूने झाला असता तर जहाज अलंगला लागलंच असतं असं मला वाटतं.

भारताने पुढे २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि हाँगकाँग करारातही सामील झाला. संघटनांचं समाधान झालेलं नाही, कारण तो करार वाळूवर जहाज लावून तोडायला सरसकट मनाई करत नाही.

आणि महाराष्ट्रात?

४ ऑगस्ट २०११, भर पावसाळा. पनामाचा झेंडा असलेलं एमव्ही रॅक कॅरियर इंडोनेशियातून दहेजला कोळसा घेऊन निघालेलं, मुंबईसमोर बुडालं. आत ६० हजार टनांहून जास्त कोळसा आणि वर इंधन तेल. तेल किनाऱ्यापर्यंत आलं. मुंबईतला एक पर्यावरण कार्यकर्ता राष्ट्रीय हरित लवादात गेला. समोरच्यांचं म्हणणं, जहाज बुडालं ती जागा साधारण २० सागरी मैलांवर आहे, १२ मैलांच्या हद्दीबाहेर, तर लवादाचा अधिकारच चालत नाही. लवादाने ते मानलं नाही. २३ ऑगस्ट २०१६ ला निकाल आला, जहाज कंपन्यांनी १०० कोटी आणि ज्यांचा कोळसा होता त्यांनी ५ कोटी रुपये भरावेत. पाच वर्षं लागली, पण आपली हद्द १२ मैलांवर संपली म्हणून जबाबदारी संपत नाही हे ठरलं. समुद्र कायदा करारात किनाऱ्यावरच्या देशाला २०० मैलांपर्यंत प्रदूषण रोखायचा अधिकार दिलेलाच आहे, तो वापरायला कोणीतरी भाग पाडावं लागलं.

जहाजं सोडा हो, खाडीत कारखान्यांचं पाणी येतं त्याचं काय?

बरोबर बोलताय, समुद्रात येणारी बहुतेक घाण जमिनीवरूनच येते आणि तिथे करार सगळ्यात पोकळ आहेत. समुद्र कायदा करारात देशांनी त्यावर कायदे करावेत असं आहे, पण किती आणि कधीपर्यंत ते नाही. म्हणून लढाई स्थानिक कायद्यावरच करावी लागते. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली, ही मच्छीमारांची संघटना, पर्यावरणवाल्यांची नाही. ज्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी होते त्याच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कोण?

संघटना कधी सरकारला मदतही करतात की नुसता विरोध?

करतात, आणि ते फारसं माहीत नसतं. बाल्टिक समुद्रात शेवाळाचा त्रास, कारण सांडपाण्यातला फॉस्फरस. बाल्टिकसाठीच्या हेलसिंकी करारात रशियाही आहे, पण सेंट पीटर्सबर्गसारख्या अवाढव्य शहराचं सांडपाणी तिथे येत होतं. फिनलंडच्या जॉन नुरमिनेन फाउंडेशनने २००५ पासून तिथल्या पाणीखात्याबरोबर बसून, देणग्या गोळा करून, मोठ्या प्लांटमध्ये फॉस्फरस काढायची यंत्रणा बसवायला मदत केली, २०११ पर्यंत तिन्ही मोठ्या प्लांटमध्ये ते काम झालं. दुसऱ्या देशातलं गटार साफ करायला आपल्या लोकांकडून पैसे मागायचे, आणि लोकांनी द्यायचे, याला मन मोठं लागतं.

संघटनांचे आकडे नेहमी खरे असतात का?

नाही. १९९५ मध्ये ब्रेंट स्पार नावाची तेलाची तरंगती टाकी शेल कंपनी अटलांटिकमध्ये बुडवणार होती, ग्रीनपीसने ती रोखली, आणि जून महिन्यात कंपनीने माघार घेतली. पण टाकीत ५,५०० टन तेल उरलंय असं ग्रीनपीसने सांगितलं होतं ते चुकलं, नमुना चुकीच्या जागेतून घेतला गेला होता, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. मुद्दा बरोबर होता, १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी अशा गोष्टी समुद्रात बुडवायला बंदीच घातली, तरी तो आकडा आजही त्यांच्या तोंडावर फेकला जातो. म्हणून आमच्या वहीत "अंदाजे" असेल तिथे आम्ही अंदाजेच लिहितो.

हे करणाऱ्यांना धोका असतो?

असतो. रशियाचे माजी नौदल अधिकारी अलेक्झांडर निकितिन यांनी नॉर्वेच्या बेलोना संस्थेसाठी उत्तरेकडच्या अणुपाणबुड्यांच्या कचऱ्यावर लिहिलं, १९९६ मध्ये हेरगिरी म्हणून अटक झाली. निर्दोष सुटले, पण अंतिम निकाल लागायला २००० साल आलं.

नुकसानभरपाई मिळते का कधी?

श्रीलंकेचं बघा. मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर एक्स-प्रेस पर्ल जहाजाला आग लागली, जूनमध्ये ते बुडालं, सुमारे १,६८० टन प्लॅस्टिकचे दाणे समुद्रात सांडले आणि किनाऱ्यावर यायला लागले. साबुदाण्याएवढे दाणे, त्यातले काही जळून काळे. पर्ल प्रोटेक्टर्स या तिथल्या स्वयंसेवी संस्थेची तरुण मुलं चाळण्या घेऊन वाळू चाळत बसली, अक्षरशः महिनोन्‌महिने. सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल जस्टिस ही संस्था कोर्टात गेली, मच्छीमारही गेले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने १०० कोटी डॉलर भरपाईचा आदेश दिला. वसुली ही पुढची लढाई आहेच. आणि तसेच दाणे मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ बुडाल्यावर केरळच्या किनाऱ्यावर आले, म्हणजे ही वेळ आपल्यावरही आलीय.

प्लॅस्टिकचा नवीन करार होणार होता ना?

२०२२ मध्ये ठरलं, २०२४ मध्ये बुसानला झालं नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही झालं नाही. उत्पादनावरच मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याचं बघायचं, इथे गाडी अडली.

मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, आम्ही काय करायचं?

पावसाआधी वारा समुद्राकडून फिरला की कोकणात आणि गोव्यात हे येतातच, आमच्याकडे तर लहानपणापासून पायाला चिकटलेलं डांबर आई खोबरेल लावून काढायची, आम्हाला वाटायचं समुद्र असाच असतो. नाही. ते कुठल्यातरी जहाजाचं किंवा तेलविहिरीचं तेल आहे. दिसलं की आधी फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून, लोकेशन चालू ठेवून. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा लिहा. पन्नास पावलांत किती गोळे ते मोजा. दोन-तीन गोळे हातमोजा घालून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण तेलाचा केमिकल ठसा ताडून ते कुठलं हे प्रयोगशाळेत शोधता येतं, गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत असा अभ्यास झालेला आहे. समुद्रावर तवंग दिसत असेल तर तटरक्षक दलाला कळवा, त्यांचा टोल फ्री नंबर १५५४, तेलगळतीचं काम देशात त्यांच्याकडेच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या आणि पोच घ्या. मी पहिल्यांदा एका ऑफिसला नुसता ईमेल केला होता, दोन आठवडे थांबून परत केला, उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळी बरणी, वहीची झेरॉक्स आणि फोटो घेऊन स्वतः गेलो, साहेबांच्या टेबलावर बरणी ठेवली, झाकण उघडलं, खोलीभर डांबराचा वास झाला, आणि त्यांनी लगेच खिडकी उघडून शिपायाला आवक रजिस्टर आणायला सांगितलं.